आधी अंथरूण, मग पांघरूण

(द्वितीय वर्ष, कला)

थंडीचे दिवस आले की आपल्या महाविद्यालयातून एखाददुसरा गट कळसूबाईला, हरिश्चंद्रगडाला नाहीतर रतनगडाला निघतो. तिन्ही ठिकाणे अकोले तालुक्यातली, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. निघण्यापूर्वी सूचनाफलकावर सामानाची यादी लागते : टॉर्च, पाण्याची बाटली, शिधा, स्वेटर, कानटोपी, एक चादर किंवा ब्लँकेट. यादी वाईट नाही. पण ती नीट वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. अंगावर घ्यायचे सारे काही तिच्यात आहे, अंगाखाली घालायचे मात्र काहीच नाही. मुक्काम गावात, घराच्या सारवलेल्या ओसरीवर असेल तर हे चालून जाते. पण वाट चुकली, कुणाचा पाय मुरगळला, अंधार पडला आणि रात्र उघड्यावर काढणे नशिबी आले, तर हीच उणीव जिवावर बेतू शकते.

ही भीती कल्पनेतली नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेले सहा जण हरिश्चंद्रगडाच्या रानात धुक्यामुळे वाट चुकले. पावसात त्यांना रात्र उघड्यावर काढावी लागली आणि त्यांच्यातल्या एकाचा गारठून मृत्यू झाला. इथे महिना लक्षात घेण्यासारखा आहे. तो पौष-माघाचा कडाका नव्हता, ऐन पावसाळा होता. बर्फ नाही, दहिवर नाही, तरी तरुण माणूस थंडीने जातो. तेव्हा थंडी म्हणजे नुसता खाली उतरलेला पारा नव्हे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

या विषयावर मी लिहावे याला एक कारण आहे. माझे आईवडील पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीला जातात. महाविद्यालयात येईपर्यंतचे माझे बहुतेक हिवाळे कोपीत गेले. उघड्या रानात चार बांबू आणि दोन चटया यांच्या आधाराने ऊब कशी धरून ठेवायची, हे मी आधी कोपीत पाहिले आणि त्यामागचे शास्त्र नंतर पुस्तकात वाचले. दोन्ही एकमेकांशी इतके जुळले की ते आपल्या मित्रमैत्रिणींपुढे मांडावेसे वाटले.

ऊब येते कोठून?

पांघरूण ऊब देते असे आपण बोलतो. खरे पाहता पांघरुणात ऊब नसते. ऊब आपल्या देहात असते आणि पांघरूण ती जाऊ देत नाही, इतकेच. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे शंभर वॉट उष्णता सतत बाहेर पडत असते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या शंभर वॉटच्या पिवळ्या दिव्याइतकी. शरीराच्या आतले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस राखण्यासाठी पोटातले अन्न जळत असते. उघड्यावरचा निवारा म्हणजे या दिव्याभोवती धरलेला हाताचा आडोसा. आडोसा जितका जवळचा आणि लहान, तितकी ऊब जास्त टिकते. मोठ्या तंबूत एकटा माणूस काकडतो आणि अडचणीच्या कोपीत पाच जण सुखाने झोपतात, त्याचे कारण हेच.

ही ऊब चार वाटांनी जाते. पहिली वाट जमिनीची. अंग जिथे जमिनीला टेकते तिथून जमीन ऊब ओढून घेते, आणि कातळ तर मातीहून अधिक ओढतो. गडावरची लेणी पावसापासून वाचवतात खरी, पण तिथल्या उघड्या दगडावर पाठ टेकून झोपणारा पहाटेपर्यंत आखडून जातो. दुसरी वाट वाऱ्याची. अंगाभोवती तापलेली हवा वारा उडवून नेतो आणि शरीराला सारखी नवी हवा तापवत बसावे लागते. तिसरी वाट ओलीची. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, शिवाय ओला कपडा अंगावर वाळताना आणखी ऊब खातो. चौथी वाट आकाशाची. निरभ्र रात्री जमीन आणि तिच्यावरचे सारे काही आपली उष्णता वर आकाशात टाकत असते. म्हणून उघड्या गवतावर दव पडते आणि दाट झाडाखालचे गवत बहुधा कोरडे राहते.

त्यात उंचीची भर पडते. वर जावे तसे दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे आणि कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर. म्हणजे शहरात स्वेटर काढून ठेवावासा वाटतो त्या वेळी शिखरावर सहा-सात अंशांनी अधिक थंडी असू शकते, आणि वारा असतो तो वेगळाच.

कोपीचा धडा

कोपी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. दिवाळीच्या आगेमागे तोडणीच्या टोळ्या कारखान्यांच्या भागात उतरतात आणि मोकळ्या रानात तळ पडतो. बांबू जमिनीत रोवून, वाकवून, माथ्यावर बांधायचे. त्यांवर बांबूच्या चटया टाकायच्या. हल्ली बहुतेक ठिकाणी ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा कागद असतो. बुडाशी सभोवार माती लावायची, म्हणजे खालून वारा शिरत नाही. दार इतके ठेंगणे की वाकूनच आत जावे. पाहुण्याला ते गैरसोयीचे वाटते, पण ठेंगण्या दारातून आतली ऊबही सहजासहजी बाहेर पडत नाही.

तळ पडतो त्या दिवशी तोडणी सुरू झालेली नसते, म्हणून पाचटही नसते. कोपी उभी राहते, पण जमिनीवर पोते आणि पोत्यावर वाकळ एवढेच अंथरूण असते. दोन दिवसांनी तोड सुरू झाली की आई उसाच्या वाळल्या पाचटाचा भारा डोक्यावर घेऊन येते आणि आत गुडघाभर पसरते. त्यावर पोते, पोत्यावर वाकळ. पहिल्या रात्री आम्ही भावंडे गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत असू आणि तिसऱ्या रात्री पाय पसरून झोपत असू. कोपी तीच, पांघरूण तेच, थंडीही तीच. मधे आले ते फक्त पाचट.

याचे शास्त्र सोपे आहे. कोंडलेली, स्थिर हवा उष्णतेला सहसा वाट देत नाही. वाळल्या पाचटात पानापानांच्या मधे अशी हवा अडकून राहते. गोधडीतही हवा असतेच, पण आपण तिच्यावर झोपलो की वजनाने ती दबते आणि तिच्यातली हवा निघून जाते. म्हणून पांघरलेली गोधडी जितकी उबदार, तितकी अंगाखाली घातलेली तीच गोधडी नसते. अंगाखाली पाहिजे ते दबूनही जाडी राखणारे. पाचटसुद्धा आठ-दहा दिवसांत चपटते. मग आई जुने काढून नवे घालते. ओले झालेले पाचट तर ती एक रात्रही आत ठेवत नाही.

गवताची ही विद्या फार जुनी आहे. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सरहद्दीवर, आल्प्स पर्वताच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. त्याच्या पायांतल्या जोड्यांत वाळलेले गवत भरलेले होते. बर्फाच्या घरात राहणारे उत्तरेकडचे इन्युइट लोकही झोपण्यासाठी जमिनीपासून उंच ओटा करीत आणि त्यावर कातडी अंथरीत. पाथर्डीच्या बाईला यांपैकी काही ठाऊक नाही, पण अनुभवाने ती त्याच ठिकाणी पोचली आहे.

घोंगडी, खोळ आणि इरले

आपल्या जिल्ह्यातला दुसरा जाणकार म्हणजे मेंढपाळ धनगर. पारनेर-संगमनेरकडचे वाडे वर्षातले कित्येक महिने फिरतीवर असतात. शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात, तेव्हा हे बिऱ्हाड आपल्याला जवळून पाहता येते. सामान घोड्यावर मावेल तेवढेच, आणि त्यात घोंगडी असतेच. मेंढीच्या लोकरीचा धागा सरळ नसतो, त्याला बारीक वळणे असतात, म्हणून विणल्यावरही तिच्यात हवा राहते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी हाताला ती ओलीचिंब लागत नाही. सुती कपड्याचे याच्या उलट असते. भिजलेली सुती चादर आणि भिजलेली जीन पँट यांच्याइतके वाईट पांघरूण नाही. घोंगडी एकच असली, तर जाणता मेंढपाळ ती सगळी अंगावर घेत नाही. अर्धी खाली आणि अर्धी वर घेतो.

पावसाची तोंडमिळवणी करणारी साधनेही आपल्याकडे आहेत. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी खोळ तयार होते. ती करायला क्षणभर लागतो आणि सुई-दोराही लागत नाही. अकोल्याच्या डोंगराळ भागात भाताच्या आवणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले असते. ते अंगाला चिकटत नाही, त्यामुळे पाठ आणि इरले यांच्या मधे हवेचा थर राहतो. अंगाला चिकटलेला प्लॅस्टिकचा कागद पाऊस अडवतो, पण गारवा अडवत नाही. इरले दोन्ही अडवते.

एका रात्रीचा निवारा

आता प्रत्यक्षाकडे येऊ. दोघातिघांच्या गटाने सोबत काय न्यावे? दोन मीटर रुंद व तीन मीटर लांब असा प्लॅस्टिकचा कागद, दहा-बारा मीटर सुतळी, माणशी एक धुतलेली रिकामी खताची गोणी, आणि कपड्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून. या साऱ्याचे वजन माणसागणिक वाटले तर फार होत नाही. बाजारात हल्ली चांदीसारखे चकाकणारे पातळ पांघरूणही मिळते. मूठभर आकाराचे ते पांघरूण अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत आत फेकते आणि वारा अडवते, म्हणून जवळ असावे. मात्र ते अंगाखाली अंथरून काही उपयोग नाही, कारण त्याला जाडी नाही.

जागा दिवस असतानाच निवडावी. वाट चुकलो असे नक्की झाले की अंधारात धडपडत राहण्यापेक्षा उजेड आहे तोवर थांबणे शहाणपणाचे. खिंडीत थांबू नये, कारण तिथे वारा एकवटतो. शिखरावर किंवा कड्याच्या धारेवर थांबू नये. ओढ्याच्या पात्रात तर मुळीच नाही : पावसाळ्यात लोंढा येतो, आणि हिवाळ्यात जड झालेली थंड हवा रात्री खोलगट जागी साचते. उतारावर थोडे वर, एखाद्या मोठ्या खडकाच्या किंवा दाट करवंदीच्या जाळीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून जागा धरावी. वरून दगड सुटण्याजोगी दरड नाही ना, हे पाहून घ्यावे. विजा होत असतील तर एकट्या उंच झाडाखाली बसू नये.

जागा ठरली की आधी अंथरूण. हिवाळ्यात डोंगरावर वाळलेले गवत आणि पाचोळा भरपूर असतो. काठीने झोडपून विंचूकाटा झटकावा आणि अंग टेकेल एवढ्याच जागेत गुडघाभर ढीग करावा. बसल्यावर तो वीतभर तरी उरला पाहिजे; उरत नसेल तर आणखी घालावा. पावसाळ्यात कोरडे काही मिळत नाही. अशा वेळी रिकामी केलेली पाठपिशवी, दोराचे वेटोळे, चपला, जे असेल ते खाली घालावे. ओला पाचोळासुद्धा उघड्या कातळापेक्षा बरा. आणि खाली घालायला पुरेसे नसेल, तर आडवे होऊच नये. गुडघे छातीशी घेऊन बसावे, म्हणजे जमिनीला टेकणारे अंग कमी होते. हा सारा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तेव्हा पडलेलेच गोळा करावे. जिवावरचा प्रसंग नसेल तर हिरव्या झाडाला हात लावू नये.

मग छप्पर. दोन झाडांमध्ये, किंवा खडक आणि रोवलेली काठी यांच्यात सुतळी ताणावी. उंची इतकीच की बसल्यावर डोके वर लागू नये. तीवर कागद टाकून वाऱ्याकडची कड जमिनीपर्यंत आणावी आणि दगडांनी दाबावी. कागदाला भोक पाडून सुतळी ओवली तर तो वाऱ्याने तिथूनच फाटतो. त्याऐवजी कोपऱ्यात लिंबाएवढा गोटा ठेवून, कागद त्याभोवती गोळा करून गळ्याशी सुतळी आवळावी. कोपीवरचा कागद असाच बांधतात आणि तो हंगामभर टिकतो. पाऊस असेल तर वरच्या अंगाला काठीने छोटी चर ओढावी, म्हणजे उतारावरचे पाणी अंथरुणात येत नाही. चारही बाजू मात्र बंद करू नयेत. श्वासातली वाफ थंड कागदाला लागून तिचे पाणी होते आणि पहाटे तेच अंगावर ठिबकते. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला वर थोडी फट ठेवावी.

शेवटी माणसे. ओले कपडे काढून कोरडे घालावेत. कोरडे नसतील तर निदान घट्ट पिळून घालावेत. डोके आणि कान झाकावेत. दोन्ही पाय खताच्या गोणीत घालून तीत सभोवार गवत कोंबावे, म्हणजे मांड्यांपर्यंत गोधडी तयार होते. सर्वांनी एकमेकांना चिकटून बसावे आणि अशक्त माणसाला मधे घ्यावे. इथे मुलगा-मुलगी, ओळखीचा-अनोळखी हा संकोच कामाचा नाही. सहा माणसे म्हणजे सहाशे वॉटची शेगडी. ती सहा ठिकाणी विखुरली तर कुणालाच पुरत नाही. गूळ-शेंगदाणे जवळ असावेत आणि रात्रभर थोडे थोडे खात राहावे.

विस्तवाविषयी सावध सांगावेसे वाटते. वाळले गवत आणि प्लॅस्टिक यांच्या निवाऱ्यात किंवा त्याच्या तोंडाशी जाळ करू नये. कोप्या पेटल्याच्या बातम्या आपण वाचतो. बंद जागेत कोळशाची शेगडी ठेवणे त्याहून घातक, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

गारठ्याची खूण

थंडीने माणूस एकाएकी पडत नाही, तो हळूहळू बदलतो. आधी हुडहुडी भरते. मग हात ऐकत नाहीत, बंद लावता येत नाही. जीभ जड होते, पाय अडखळतात, बोलणे तुटक आणि असंबद्ध होते. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले म्हणजे त्याला डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात. पुढे ते ३२ अंशांच्या आसपास उतरले की हुडहुडी थांबते. बरोबरचे समजतात, आता याला बरे वाटते आहे. वास्तविक तीच धोक्याची घंटा असते. "मला थंडी वाजतच नाही, जरा झोपू द्या," असे भिजलेला माणूस म्हणू लागला तर त्याला एकटे सोडू नये. ओले काढून, खाली जाड अंथरूण देऊन, दोघांनी दोन्ही बाजूंनी त्याला बिलगावे. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत आणि त्याला धसमुसळेपणाने हलवू नये. दारू तर देऊच नये. तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उरलीसुरली ऊब निघून जाते. मोबाइलला संपर्क मिळत असेल तर ११२ क्रमांकावर कळवावे. त्याहून चांगले म्हणजे चढण्यापूर्वीच पायथ्याच्या गावात कोठे जातो आणि केव्हा परतणार हे सांगून ठेवावे.

एका रात्रीपलीकडे

वर ज्याला मी एका रात्रीचा निवारा म्हटले, त्याच्याहून फारशा वेगळ्या नसलेल्या निवाऱ्यात आपल्या जिल्ह्यात हजारो माणसे दर वर्षी पाच-सहा महिने काढतात. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली, आणि या साऱ्या साखरेच्या पाठीशी कोपी आहे. गिर्यारोहकाला सकाळ झाली की सुटका असते. कोपीतली बाई सकाळ होण्याआधीच, अंधारात उठून फडात जाते. तिच्या कौशल्याचे मी एवढे वर्णन केले ते कौतुक म्हणून घ्यावे, पण त्यामुळे कोपी पुरेशी आहे असा अर्थ कुणी काढू नये. चटई जाऊन प्लॅस्टिक आले तेव्हापासून पावसाचा त्रास कमी झाला, पण पहाटे आतून ठिबकणारे पाणी वाढले. अवकाळी पाऊस आला की पाचट भिजते, आणि त्या रात्री कोपीत लहान मूल किंवा बाळंतीण असेल तर घरातले कोणी झोपत नाही.

थंडीत विद्यार्थी, मंडळे आणि सेवाभावी माणसे तळांवर ब्लँकेट वाटायला येतात. त्यांचा हेतू चांगला असतो आणि ती ब्लँकेटे वापरलीही जातात. पण आमच्या कोपीत पांघरुणे तीन होती आणि अंथरूण म्हणजे ओली होऊ शकणारी जमीन होती. यंदा आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी तळावर जायचे ठरवले, तर माझी एक सूचना आहे. दुसऱ्या ब्लँकेटाच्या पैशांत खाली घालायचा जाड कागद आणि चटई द्यावी. आणि एक दिवस श्रमदान करून कोपीच्या जागी वीतभर उंच, ठोकलेल्या मुरमाचे जोते घालून द्यावे. पाचट तिथे फुकट आहे. ते कोरडे राहील एवढी जागा करून दिली, तर बाकीचे कोपीतल्या बायांना शिकवावे लागणार नाही.

आणि सूचनाफलकावरच्या त्या यादीत "एक चादर किंवा ब्लँकेट" याच्या वरच्या ओळीत लिहावे : एक रिकामी गोणी.